गाठ काढावी, मूत्रपिंड राखावे

साठी ओलांडलेल्या पुरुषांच्या आरोग्याची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने हृदय, मधुमेह आणि प्रोस्टेट या तीन विषयांभोवती फिरते. मूत्रपिंडाचा विषय निघालाच, तर तो मुतखडा किंवा डायलिसिस यांच्या संदर्भात निघतो. मूत्रपिंडातही कर्करोगाची गाठ होऊ शकते, ती स्त्रियांच्या तुलनेत पुरुषांमध्ये जवळपास दुपटीने आढळते आणि उतारवयात तिचे प्रमाण वाढते, याची जाणीव सुशिक्षित कुटुंबांतही फारशी नसते. त्यामुळे रात्री वारंवार लघवीला उठावे लागते म्हणून सोनोग्राफी करून घ्यावी आणि अहवालात प्रोस्टेटऐवजी मूत्रपिंडातील गाठीचाच उल्लेख ठळकपणे यावा, असा प्रसंग ओढवला, की सारे घर हवालदिल होते. 'कापायचे का', 'पूर्ण काढायचे का', 'या वयात झेपेल का' हे प्रश्न मग एकदमच उभे राहतात.

गेल्या तीन दशकांत या प्रश्नांची उत्तरे पुष्कळच बदलली आहेत. पूर्वी मूत्रपिंडात गाठ दिसली, की बरगडीखाली मोठा छेद घेऊन संपूर्ण मूत्रपिंड काढून टाकणे, हाच मार्ग होता. आता अनेक रुग्णांमध्ये पोटावरील काही छोट्या छिद्रांतून केवळ गाठ काढता येते आणि उरलेले मूत्रपिंड वाचवता येते. काही वयस्कर रुग्णांमध्ये तर शस्त्रक्रिया न करता गाठीवर लक्ष ठेवणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो. यांपैकी कोणता मार्ग कोणासाठी योग्य, हे समजून घेण्यासाठी या अवयवाची आणि या आजाराची थोडी ओळख करून घ्यावी लागते.

दोन अवयव, एक जबाबदारी

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला ही दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाची लांबी साधारण १० ते १२ सेंटिमीटर आणि वजन सुमारे दीडशे ग्रॅम. आकार असा मुठीएवढा असला, तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा या दोन अवयवांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दिवसभरात या गाळण्यांमधून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात परत घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. रक्तदाबाचे नियंत्रण, लाल रक्तपेशींच्या निर्मितीला चालना आणि हाडांसाठी आवश्यक असलेल्या 'ड' जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देणे, ही कामेही मूत्रपिंडाकडेच असतात.

एकदा नष्ट झालेला नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाही. चाळिशीनंतर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब असेल, तर ही घसरण अधिक वेगाने होते. म्हणजेच सत्तरीतील पुरुषाला मूत्रपिंडाची गाठ होते, तेव्हा त्याच्याजवळची शिल्लक आधीच आटलेली असते. त्यातील किती खर्च करायची, हाच पुढच्या सर्व उपचारांमधील कळीचा प्रश्न असतो.

येथे एका गैरसमजाकडे लक्ष वेधायला हवे. रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा 'नॉर्मल' आला म्हणजे मूत्रपिंड ठणठणीत, असे अनेकजण समजतात. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते. वृद्धापकाळात स्नायू झडलेले असल्याने मूत्रपिंड मंदावले असतानाही हा आकडा मर्यादेत दिसू शकतो. म्हणून वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून काढलेला गाळणदर, म्हणजे 'ईजीएफआर', पाहणे अधिक योग्य. हा आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर तो मूत्रपिंडाचा जुनाट विकार समजला जातो.

गाठ कोणाला आणि का?

प्रौढांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या कर्करोगांपैकी ८५ ते ९० टक्के 'रीनल सेल कार्सिनोमा' या प्रकारचे असतात. त्यातही 'क्लिअर सेल' हा उपप्रकार सर्वाधिक आढळतो. धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब ही त्याची तीन सिद्ध कारणे आहेत. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या रुग्णांमध्येही धोका वाढतो. काही थोड्या कुटुंबांत हा आजार आनुवंशिक असतो. त्यातील 'व्हॉन हिपेल-लिंडाऊ' हा विकार सर्वांत परिचित. या विकारातील सदोष जनुकाचा आणि पेशींना प्राणवायूची कमतरता ओळखता येण्याचा संबंध उलगडणाऱ्या संशोधनाचा २०१९ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात मोठा वाटा होता. त्याच ज्ञानातून पुढे नवी औषधेही निघाली.

मूत्रपिंडातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हेही तितकेच महत्त्वाचे. पन्नाशीनंतर अनेकांच्या मूत्रपिंडात पाण्याने भरलेल्या साध्या पिशव्या दिसतात. अहवालात त्यांचा उल्लेख 'सिम्पल सिस्ट' असा असतो आणि त्यांना बहुधा कोणताही उपचार लागत नाही. भरीव गाठींमध्येही चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींपैकी साधारण पाचातील एक निरुपद्रवी निघते. 'ऑन्कोसायटोमा' आणि चरबीयुक्त 'अँजिओमायोलायपोमा' ही त्यांतील नेहमीची नावे.

लक्षणांची वाट पाहू नका

लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ ही त्रयी वैद्यकीय पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. प्रत्यक्षात ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसणारे रुग्ण आता दहा टक्क्यांहूनही कमी असतात आणि ती दिसतात तेव्हा आजार बहुधा पुढे गेलेला असतो. निम्म्याहून अधिक गाठी आज दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये अचानक सापडतात. पित्ताशयातील खडे, पोटदुखी, प्रोस्टेटची वाढ किंवा विम्यासाठीची तपासणी, निमित्त काहीही असू शकते.

तरीही काही खुणा पुरुषांनी कधीच नजरेआड करू नयेत. वेदना नसताना लघवी लालसर होणे, ही त्यातील पहिली. असे रक्त एकदा दिसते आणि पुढे महिनोन् महिने दिसत नाही. 'उष्णता झाली असेल' म्हणून विषय सोडून दिला जातो. या लक्षणामागे मूत्राशयाचा कर्करोगही असू शकतो आणि धूम्रपान करणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो. म्हणून रक्त एकदाच दिसले, तरी तपासणी आवश्यक ठरते. दुसरी खूण कमी परिचित आहे. उतारवयात वृषणाभोवतीच्या शिरा एकाएकी फुगल्या आणि आडवे झाल्यावरही ओसरल्या नाहीत, तर मूत्रपिंडातील गाठीमुळे वरची शीर अडली असण्याची शक्यता असते. संकोचापायी हे दुखणे पुरुष घरातही सांगत नाहीत. कारणाविना वजन घटणे, दीर्घकाळ बारीक ताप, रक्तक्षय किंवा अचानक बळावलेला रक्तदाब यांकडेही 'वय झाले' म्हणून पाहू नये.

तपासणीत काय पाहतात?

सोनोग्राफीत गाठ दिसल्यावर पुढची पायरी म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन. गाठ हे रंगद्रव्य शोषून उजळते का, ती किती मोठी आहे, मूत्रपिंडाच्या काठावर आहे की मध्यभागी रक्तवाहिन्यांलगत आहे, शिरेत शिरली आहे का, हे त्यातून कळते. मूत्रपिंड आधीच कमकुवत असेल, तर रंगद्रव्याचा वापर जपून करावा लागतो. अशा वेळी एमआरआयचा पर्याय विचारात घेतला जातो. छातीची तपासणीही केली जाते, कारण हा कर्करोग पसरला तर फुफ्फुसांकडे जाण्याचा त्याचा कल असतो.

चार सेंटिमीटरपर्यंतची आणि मूत्रपिंडातच सीमित असलेली गाठ पहिल्या टप्प्यातील पहिल्या गटात मोडते. चार ते सात सेंटिमीटरची गाठही पहिल्याच टप्प्यातील, परंतु दुसऱ्या गटातील असते. त्याहून मोठी गाठ दुसऱ्या टप्प्यात जाते. गाठ मुख्य शिरेत किंवा भोवतालच्या चरबीत शिरली, की तिसरा टप्पा समजला जातो. अमेरिकेतील कर्करोग नोंदींनुसार आजार मूत्रपिंडापुरता मर्यादित असताना सापडलेल्या रुग्णांचे पाच वर्षे जगण्याचे सापेक्ष प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. आजार दूरच्या अवयवांत पसरल्यावर मात्र ते २० टक्क्यांच्या खाली येते. वेळेवर निदान होण्याचे मोल यातून कळावे.

सुईने तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी, प्रत्येकाला लागत नाही. शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर अनेकदा ती वगळली जाते. वयस्कर रुग्णात शस्त्रक्रिया टाळता येईल का, हे ठरवायचे असेल तेव्हा मात्र ती फार उपयोगी पडते. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो ही भीती सर्वत्र आढळते. आधुनिक पद्धतीने केलेल्या तपासणीत असे घडणे अत्यंत दुर्मीळ आहे.

हायडेलबर्ग ते सेंट लुईस

माणूस एका मूत्रपिंडावर जगू शकतो, हे शस्त्रक्रियेद्वारे सिद्ध झाले ते २ ऑगस्ट १८६९ रोजी. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्टाव्ह सिमॉन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून नंतर एका स्त्रीचे मूत्रपिंड नियोजनपूर्वक काढले आणि ती वाचली. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात कॅनडातील चार्ल्स रॉबसन यांनी कर्करोगासाठी मूत्रपिंड त्याच्या भोवतीच्या चरबीसह आणि आवरणासह संपूर्ण काढण्याची पद्धत रूढ केली. पुढची अनेक वर्षे तोच मानदंड राहिला. त्यासाठी कुशीत किंवा पोटावर मोठा छेद घ्यावा लागे, कधी बरगडीचा भागही काढावा लागे. जखमेची वेदना इतकी असे, की वृद्ध रुग्ण मोकळा श्वास घेऊ शकत नसे आणि न्यूमोनियाला निमंत्रण मिळे.

हे चित्र पालटण्यास १९९० मध्ये आरंभ झाला. त्या वर्षी २५ जून रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे राल्फ क्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या साह्याने, मोठा छेद न घेता, मूत्रपिंड काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. तिला जवळजवळ सात तास लागले. मूत्रपिंड पोटातच एका पिशवीत भरून, त्याचे बारीक तुकडे करून छोट्या छिद्रातून बाहेर काढण्यात आले. योगायोगाने त्याच वर्षी मुंबईतील जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची देशातील पहिली शस्त्रक्रिया केली आणि भारतात या तंत्राचा पाया घातला गेला.

सेंट लुईसच्या त्या शस्त्रक्रियेचा एक तपशील आजही विचार करायला लावणारा आहे. रुग्ण ८५ वर्षांची स्त्री होती आणि गाठ तीन सेंटिमीटरची होती. तपासणीअंती ती निरुपद्रवी ऑन्कोसायटोमा निघाली. आज त्याच वयाची, तेवढीच गाठ असलेली व्यक्ती रुग्णालयात आली, तर तिचे संपूर्ण मूत्रपिंड काढण्याचा सल्ला बहुधा कोणी देणार नाही. तंत्र पुढे गेले, तसा त्याचा वापर कोठे करू नये याचा विवेकही वाढला.

संपूर्ण की अंशतः?

मूत्रपिंड संपूर्ण काढले, तर दुसरे काम सांभाळून घेते हे खरे आहे. मूत्रपिंडदाते निरोगी आयुष्य जगतात, हा त्याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. पण दाता कसून तपासलेला, निरोगी आणि बहुधा तरुण असतो. गाठीचा रुग्ण साठी-सत्तरीचा, मधुमेह वा रक्तदाब असलेला असतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा फरक स्पष्ट झाला. छोट्या गाठीसाठी शस्त्रक्रिया झालेल्या या रुग्णांची दोन्ही मूत्रपिंडे शाबूत आणि क्रिएटिनिन मर्यादेत होते. तरीही त्यांतील सुमारे चौथ्या हिश्श्याला शस्त्रक्रियेपूर्वीच मूत्रपिंडाचा जुनाट विकार होता. शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी गाळणदर ६० च्या वर टिकून राहण्याची शक्यता अंशतः शस्त्रक्रियेत ८० टक्के, तर संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्यांत केवळ ३५ टक्के होती.

त्यामुळे चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी, शक्य असेल तेथे, फक्त गाठ आणि तिच्याभोवतीची निरोगी भागाची पातळ कड काढावी, हा आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा सल्ला आहे. चार ते सात सेंटिमीटरच्या गाठींतही अनुभवी शल्यविशारद हा प्रयत्न करतात. कर्करोगावरील नियंत्रण दोन्ही पद्धतींत सारखेच राहते, असा अनुभव आहे.

या नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युरोपातील कर्करोग संशोधन संस्थेने केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत अंशतः शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडाचे काम अधिक चांगले राहिले, पण आयुर्मान वाढलेले दिसले नाही. ही शस्त्रक्रिया तुलनेने अवघड असते आणि रक्तस्राव व लघवी झिरपण्याचा धोका तिच्यात अधिक असतो. म्हणून गाठ अगदी मध्यभागी असेल, रुग्ण दुर्बल असेल आणि दुसरे मूत्रपिंड उत्तम असेल, तर संपूर्ण मूत्रपिंड काढणे हा अधिक सुरक्षित मार्ग ठरू शकतो. 'मूत्रपिंड राखावे' हे तत्त्व खरे, पण ते रुग्णापेक्षा मोठे नाही.

शस्त्रक्रिया कशी होते?

रुग्णाला पूर्ण भूल देऊन कुशीवर झोपवले जाते. पोटावर ५ ते १२ मिलिमीटरची तीन ते पाच छिद्रे घेतली जातात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू मर्यादित दाबाने भरून काम करण्यास जागा तयार केली जाते. एका छिद्रातून दुर्बीण आणि इतरांतून उपकरणे आत जातात. आतड्याचा भाग बाजूला सारून मूत्रपिंडाची धमनी आणि शीर मोकळी केली जाते. काही शल्यविशारद पोटाच्या पोकळीत न शिरता थेट पाठीच्या बाजूने मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात. पूर्वी पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी हा मार्ग सोयीचा असतो.

खरी कसोटी यानंतर लागते. गाठ कापताना रक्तस्राव होऊ नये म्हणून धमनीला छोटा चिमटा लावून मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तात्पुरता थांबवला जातो. त्या क्षणापासून घड्याळाचे काटे महत्त्वाचे होतात. मूत्रपिंड रक्ताविना फार काळ राहू शकत नाही. साधारण २५ मिनिटांच्या आत गाठ कापून, उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या आणि मूत्रमार्गाचा भाग शिवून, चिमटा सोडायचा, असा प्रयत्न असतो. काढलेली गाठ पिशवीत बंद करून एक छिद्र थोडे वाढवून बाहेर काढतात आणि तपासणीसाठी पाठवतात.

मोठा छेद नसल्याने वेदना कमी होतात, रुग्ण दुसऱ्या दिवशी चालू लागतो आणि गुंतागुंत नसेल तर तीन-चार दिवसांत घरी जाऊ शकतो. वृद्धांच्या बाबतीत हा लाभ सोयीपुरता नसतो. लवकर उठून चालणे म्हणजे पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि छातीत कफ साठण्याचा धोका कमी होणे.

रोबो म्हणजे काय आणि काय नव्हे?

यंत्रमानवाच्या साह्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी कुतूहल आणि गैरसमज दोन्ही भरपूर आहेत. 'दा विंची' या प्रणालीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० मध्ये मान्यता दिली आणि काही वर्षांतच तिचा वापर मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियांसाठी होऊ लागला. भारतात विकसित झालेली 'एसएसआय मंत्रा' ही प्रणालीही आता वापरात आली आहे. यांतील कोणताही रोबो स्वतःहून काहीही कापत नाही. शल्यविशारद काही अंतरावरील आसनावर बसून हातांच्या हालचालींनी त्याचे बाहू चालवतो. त्रिमितीय, मोठे केलेले दृश्य, मनगटासारखी वळणारी उपकरणे आणि हाताचा सूक्ष्म कंप गाळून टाकण्याची सोय यांमुळे अडचणीच्या जागी टाके घालणे सोपे जाते. घड्याळाशी शर्यत असलेल्या अंशतः शस्त्रक्रियेत याचा उपयोग होतो. संपूर्ण मूत्रपिंड काढायचे असेल, तर मात्र साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा रोबोचा विशेष लाभ सिद्ध झालेला नाही, खर्च मात्र वाढतो. यंत्र कोणते, यापेक्षा ते चालवणाऱ्या हातांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हा प्रश्न अधिक मोलाचा.

शस्त्राविना उपचार आणि सावध प्रतीक्षा

तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या आणि शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांसाठी त्वचेतून सुई घालून गाठ जाळण्याचा किंवा गोठवण्याचा पर्याय आहे. रेडिओलहरी, सूक्ष्मलहरी किंवा अतिशीत वायू यांचा त्यासाठी उपयोग करतात. गाठ पुन्हा उद्भवण्याची शक्यता यात शस्त्रक्रियेपेक्षा काहीशी अधिक असते. गरज पडल्यास हा उपचार पुन्हा करता येतो.

चौथा मार्ग म्हणजे नियमित तपासण्या करीत लक्ष ठेवणे. छोट्या गाठी सरासरी वर्षाला दोन-तीन मिलिमीटर एवढ्याच वाढतात आणि पहिल्या काही वर्षांत त्या अन्यत्र पसरण्याचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास आढळले आहे. हृदय कमकुवत असलेल्या ८० वर्षांच्या गृहस्थाला दोन सेंटिमीटरच्या गाठीपेक्षा हृदयविकाराचा धोका कितीतरी मोठा असतो. अशा वेळी तीन ते सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा स्कॅन करणे आणि गाठ झपाट्याने वाढली वा तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे गेली तरच उपचार करणे योग्य ठरते. 'कर्करोग असून डॉक्टर काहीच करीत नाहीत' अशी नातेवाइकांची भावना होणे स्वाभाविक आहे. पण ही प्रतीक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे. ठरलेल्या तारखेला तपासणी चुकली, तर मात्र तिचे रूपांतर दुर्लक्षात होते.

वय पाहावे की माणूस?

केवळ जन्मतारीख पाहून शस्त्रक्रिया नाकारू नये आणि लादूही नये. जिना चढताना दम लागतो का, गेल्या वर्षात वजन किती घटले, रोजचे व्यवहार स्वतः करता येतात का, स्मरणशक्ती कशी आहे, यांवरून रुग्णाची खरी ताकद कळते. हृदयाची तपासणी आवश्यक असतेच. दमा किंवा धूम्रपानाने फुफ्फुसे खराब झालेल्यांना पोटातील वायूचा त्रास होऊ शकतो, म्हणून भूलतज्ज्ञांशी आधीच सविस्तर बोलावे. अँजिओप्लास्टी झालेले अनेकजण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि लपवूही नयेत. त्या केव्हा थांबवायच्या, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी मिळून ठरवायचे असते.

पुरुषांच्या मनात आणखी दोन शंका असतात. मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेने लैंगिक क्षमतेशी संबंधित नसांना धक्का लागत नाही. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेविषयी ऐकलेल्या गोष्टी येथे लागू करू नयेत. दुसरे म्हणजे, प्रोस्टेट वाढलेली असेल, तर शस्त्रक्रियेनंतर लघवीची नळी काढल्यावर लघवी तुंबू शकते. हा त्रास आधी सांगितला, तर त्याची तजवीज करता येते.

घरी परतल्यावर

पहिले चार ते सहा आठवडे जड ओझे उचलू नये. अंशतः शस्त्रक्रियेनंतर आठ-पंधरा दिवसांनी, सारे सुरळीत वाटत असताना, लघवीतून अचानक लाल रक्त जाऊ लागले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. कापलेल्या रक्तवाहिनीवर फुगा धरल्याने असे क्वचित घडते. बहुतेक वेळा पुन्हा पोट न उघडता, जांघेतून किंवा हातातून नळी घालून ती रक्तवाहिनी बंद करता येते.

पुढे किमान पाच वर्षे ठरावीक अंतराने स्कॅन, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी करावी लागते. सांधेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत. धातूमिश्रित वा घटक न सांगितलेल्या औषधांपासूनही दूर राहावे. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे व तंबाखू पूर्ण सोडणे, याला पर्याय नाही. गाठ पुन्हा उद्भवण्याचा धोका अधिक असलेल्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध दिले जाते. अमेरिकेत त्याला या कारणासाठी २०२१ मध्ये मान्यता मिळाली. छोट्या गाठींना त्याची गरज नसते.

खर्चाचा विचार

निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबासाठी हा प्रश्न गौण नाही. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आहे. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. निवडलेले रुग्णालय योजनेत आहे का आणि नेमकी कोणती शस्त्रक्रिया तिच्यात बसते, याची चौकशी आधी करावी. खासगी विमा असल्यास रोबोच्या शस्त्रक्रियेसाठीची मर्यादा तपासावी. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या तरतुदींनुसार असे आधुनिक उपचार सरसकट वगळता येत नाहीत, पण त्यांच्यासाठी उपमर्यादा घालता येते.

डॉक्टरांना हे जरूर विचारा

- गाठ किती सेंटिमीटरची आहे आणि नेमकी कोठे आहे?
- माझा ईजीएफआर किती आहे आणि शस्त्रक्रियेनंतर तो किती राहील?
- फक्त गाठ काढणे शक्य आहे का? नसल्यास का नाही?
- बायॉप्सी केल्याने निर्णय बदलेल का?
- सहा महिने थांबून पाहिले, तर काय धोका आहे?
- आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? दुर्बिणीने जमले नाही, तर मोठा छेद घ्यावा लागेल का?

या प्रश्नांची उत्तरे मिळण्यासाठी एखादा आठवडा गेला किंवा दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतले, तर छोट्या गाठीच्या बाबतीत काही बिघडत नाही. घाईने काढलेले मूत्रपिंड परत बसवता येत नाही. याउलट, लघवीत दिसलेले रक्त वर्षभर अंगावर काढले, तर मूत्रपिंड राखण्याची संधीच हातची जाते. उतारवयातील पुरुषाने आपल्या दुखण्याविषयी वेळेवर बोलावे आणि घरच्यांनी ते शांतपणे ऐकावे, एवढे झाले तरी पुढचे अर्धे काम सोपे होते.